हिरडीखालचं सिमेंट: एका प्रश्नाचा इतिहास

"जादा सिमेंट नीट काढा." इम्प्लांटवर कॅप बसवायला शिकताना हे वाक्य ऐकावंच लागतं, मग कॉलेज संगमनेरचं असो की मुंबईचं. पण सगळं निघालं, हे कळतं कसं?

थोडं मागे जाऊ. ब्रोनेमार्क यांनी स्वीडनमध्ये १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्या पद्धतीत वरचे दात स्क्रूने पक्के करत. सिमेंटचा प्रघात नंतर पडला. कॅपवर स्क्रूचं भोक दिसत नाही आणि पद्धतही नेहमीच्या दातासारखी, हाताला सवयीची. गोची इथंच झाली. खऱ्या दाताभोवती हिरडीचे तंतू मुळात रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते बहुतेक समांतर जातात, त्यामुळे दाबलेलं सिमेंट सहज खाली उतरतं.

१९९७ मध्ये एगर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम हिरडीखालचं सिमेंट काढून पाहिलं. साफ केल्यावरही ते उरलं, वर धातूवर ओरखडे! पण त्यानं रुग्णाचं काय बिघडतं?

ते थॉमस विल्सन यांनी २००९ मध्ये दाखवलं. त्यांनी हिरडीखाली एंडोस्कोप घातला. आजारी ४२ इम्प्लांटपैकी ३४ भोवती सिमेंट सापडलं, निरोगी २० पैकी एकाहीभोवती नाही. सिमेंट काढलेल्या ३३ ठिकाणांपैकी २५ ठिकाणी महिन्याभरात आजाराची चिन्हं दिसेनाशी झाली. त्रास सुरू व्हायला काहींना चार महिने, तर काहींना नऊ वर्षांहून जास्त लागले होते. म्हणजे कॅप बसवणाऱ्याला आपली चूक बहुधा कळतच नाही.

आता पेपर वाचायची सवय लावा. हे रुग्ण आजारी म्हणूनच निवडले होते. सिमेंट राहिलेल्या शंभरातले किती आजारी पडतात, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. आणि सिमेंट नसलेल्या त्या आठांचं काय? व्हायवाला मी तरी हेच विचारीन.

त्याच वर्षी वाधवानी आणि पिन्येरो यांनी प्रश्नच फिरवला: काढण्यापेक्षा जादा जाऊच देऊ नये. कॅपच्या आत टेफ्लॉन टेप लावायची, त्यात लवकर घट्ट होणारं इम्प्रेशन मटेरियल भरून साचा करायचा आणि टेप काढून टाकायची. मग सिमेंट भरलेली कॅप तोंडाबाहेरच त्या साच्यावर दाबायची. जादा बाहेर पडतं, आत साधारण टेपच्या जाडीचा थर राहतो, आणि तीच कॅप लगेच तोंडात बसवायची. टेप म्हणजे नळवाला आट्यांना गुंडाळतो तीच.