मुद्रिताचे रूप आणि लेखकाची विश्वासार्हता : मराठी मुद्रणाच्या इतिहासातील काही दाखले

प्रास्ताविक

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात राहणारे आमचे बहुतेक विद्यार्थी संदर्भ शोधतात ते मोबाईलच्या पडद्यावर. एका विद्यार्थ्याने चर्चासत्रातील निबंधासाठी हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील एका हौशी लेखकाच्या संकेतस्थळाचा आधार घेतला होता. त्या मजकुरात पोलीस कारवाई १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली असे विधान होते. वस्तुतः कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. हाच आधार का घेतला, असे विचारले असता त्याने प्रांजळपणे सांगितले, "सर, साइट फार नीट बनवलेली होती."

या उत्तराला हसण्याचे कारण नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २,६८४ जणांचे अभिप्राय तपासले. संकेतस्थळांच्या विश्वासार्हतेविषयीच्या या अभिप्रायांपैकी ४६.१ टक्के अभिप्रायांत पानाच्या बाह्यरूपाचा उल्लेख होता; माहितीच्या अचूकतेचा उल्लेख होता अवघ्या १४.३ टक्क्यांत. म्हणजे आमचा विद्यार्थी एकटा नव्हता.

संपादक वा संस्थेचे पाठबळ नसलेल्या लेखकाने आपल्या लेखनाला खास स्वतःचे रूप घडवून घेतले, तर त्याच्यावरील विश्वास वाढतो काय? संगणकाच्या संदर्भात हा प्रश्न नवा वाटतो. मराठीत मात्र तो छापखान्याबरोबरच आलेला आहे. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासातील काही दाखल्यांचा विचार केला आहे.

शाईतील तूप

मराठी मुलखात छापील कागद आला तो संशयाच्या छायेत. १८०५ मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली, हा अपवाद. मराठीतील आरंभीचे मुद्रण बहुतांशी मिशनऱ्यांच्या हातचे होते. विल्यम कॅरीने सेरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये कोश. कोशासाठी त्याने मोडी खिळे वापरले. हिशेब आणि पत्रव्यवहार ज्या लिपीत चालतो त्या लिपीत छापले म्हणजे लोक वाचतील, असा त्यामागे विचार असावा. मुंबईत अमेरिकन मिशनची छपाई १८१७ पासून सुरू झाली. परिणामी छापील पान म्हणजे परधर्माचे पान, अशी समजूत रूढ झाली. त्यात शाईमध्ये चरबी असते ही शंका. सोवळ्यातील माणसाने ते हाती कसे धरावे? गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथात या सोवळेपणाची नोंद सापडते.

या अविश्वासाला तोंड दिले ते गणपत कृष्णाजी यांनी. ते स्वतः अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले. त्यांनी स्वतंत्र शिळाप्रेस उभारला, १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले आणि शाईत चरबीऐवजी तूप वापरले. शिळाछापाचा आणखी एक लाभ होता. लेखनिकाच्या हातचे अक्षर दगडावर उतरत असल्याने छापील पान हस्तलिखितासारखे दिसे. पुढे खिळ्यांची छपाई आल्यावरही धार्मिक ग्रंथ आडव्या, सुट्या पानांच्या पोथीरूपात दीर्घकाळ छापले जात राहिले. वाचकाच्या मनातील ग्रंथाचे जे चित्र होते, त्यात नवे तंत्र बसवण्याचा हा प्रयत्न होता. आजच्या भाषेत याला रूपरचनाच म्हणावे लागेल, आणि तीही अत्यंत विचारपूर्वक केलेली.

परंतु तुपाच्या शाईने नेमके काय साधले, हे बारकाईने पाहिले पाहिजे. तिने पंचांग हाती धरण्यातील अडचण दूर केली. पंचांगातील गणित बरोबर असल्याची ग्वाही ती देऊ शकत नव्हती. ग्रहण सांगितलेल्या वेळी लागते की नाही, हे कोणालाही अंगणात उभे राहून पाहता येते. पंचांग हा पडताळणीला रोज सामोरा जाणारा ग्रंथ आहे. त्याच्याइतकी कठोर परीक्षा आपल्यापैकी कोणाच्याही शोधनिबंधाच्या वाट्याला येत नाही. स्पर्श आणि विश्वास या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. रूप पहिल्या पायरीपर्यंत नेते.

जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचा (१८६९) दाखला याहून गुंतागुंतीचा आहे. निर्णयसागरचा देवनागरी खिळा देखणा होता, याबद्दल दुमत नाही. त्याच छापखान्याच्या 'काव्यमाला'सारख्या संस्कृत ग्रंथमालेवर पंडित दुर्गाप्रसाद, काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे विद्वान संपादक म्हणून खपत होते. शुद्ध पाठ आणि सुबक अक्षर इतकी वर्षे एकत्र नांदली, की वाचकाला अक्षर हीच शुद्धतेची खूण वाटू लागली. ही खूण खोटी नव्हती, पण ती उसनी घेता येण्याजोगी होती. निर्णयसागरच्या ओतशाळेतील खिळे इतर छापखान्यांनाही विकले जात. त्या खिळ्यांत छापलेले दुसरीकडचे पुस्तक तितकेच शुद्ध असेल, याची हमी शिशात ओतलेली नव्हती. मुद्रितशोधक मात्र विकत मिळत नव्हता.

शीर्षस्थानचा अभंग

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला. यामागे ज्ञानप्रसाराचा हेतू होताच. पण इंग्रजी स्तंभाच्या सान्निध्याने मराठी स्तंभालाही दरबारी वजन प्राप्त होत असे, असे म्हणण्यास हरकत नसावी. जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'ला (१८७३) इंग्रजी प्रस्तावना आहे, तीही याच दृष्टीने पाहता येईल. ज्याच्या म्हणण्याला आपल्या समाजातील प्रतिष्ठित ऐकून घेत नाहीत, तो लेखक पानाच्या मांडणीतूनच दुसऱ्या श्रोत्याला साक्षीला बोलावतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, तेव्हा त्याच्या शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग होता. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'च्या शीर्षस्थानी ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. ज्या परंपरेच्या देवळाबाहेर आपल्याला उभे केले जाते, त्याच परंपरेतील संतांना पत्राच्या कपाळी स्थान देणे ही नुसती सजावट नव्हे. तो एक युक्तिवाद आहे. तो कितपत मान्य झाला? 'मूकनायक'ची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, 'केसरी'ने छापली नाही, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पत्रामागील व्यक्ती कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेली, सिडनॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राची प्राध्यापक. तेथे पदवी चालली नाही आणि तुकोबाही चालले नाहीत. ज्यांनी लेखकाची जात आधी पाहिली, त्यांच्या दृष्टीने पानाचे रूप पुढे आलेच नाही.

विश्वासार्हतेच्या चर्चेत हा मुद्दा सहसा सुटतो. वाचक पानावरून लेखकाची पारख करतो असे आपण गृहीत धरतो; कित्येकदा लेखक कोण हे ठरवूनच तो पानाकडे वळतो. 'बहिष्कृत भारत'च्या स्वतःच्या वाचकाबाबतही हेच घडले, पण उलट दिशेने. महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहाला (१९–२० मार्च १९२७) जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्या वाचकांपैकी अनेकांनी तळ्याचे पाणी स्वतः ओंजळीत घेतले होते. त्यांचा पत्रावरील विश्वास तळ्यावरून आलेला होता.

बिनसजावटीची प्रतिष्ठा

मुंबईत १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक चक्रमुद्रित करून काढले. समोर मौजेच्या छापखान्यातून येणारी, देखणी मांडणी असलेली 'सत्यकथा' होती. तिच्यात छापून येणे हीच लेखकाची पात्रता ठरत असे. पुसट शाई आणि साधा कागद यांमागे पैशाची अडचण होतीच, पण लवकरच त्या ओबडधोबडपणालाच प्रतिष्ठा आली. लघुनियतकालिकांच्या चळवळीत गुळगुळीत पान हेच संशयास्पद ठरले. तेव्हा खडबडीतपणा हीसुद्धा एक रूपरचनाच होय, आणि तिचाही कालांतराने साचा बनला.

औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी चालवलेले 'अस्मितादर्श' या दोन्ही गटांत बसत नाही. सुबक दिसण्याचा सोस त्याने धरला नाही आणि बंडखोर दिसण्याचाही नाही. नवोदित दलित लेखकांचे साहित्य दशकानुदशके छापत राहणे आणि वाचक-लेखकांचे मेळावे भरवणे, एवढ्यावर त्याने नाव मिळवले. मराठवाड्यातील प्राध्यापकांच्या कपाटांत त्याचे अंक आजही सापडतात. मुखपृष्ठ कसे होते म्हणून कोणी ते जपल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.

संगणकावर मराठी अवतरली तेव्हा मात्र स्वतंत्र रूपाचा हव्यास महागात पडला. दोन हजारच्या सुमारास अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या टंकांत निघत. तो टंक वाचकाच्या यंत्रावर नसेल, तर पानभर रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. त्या टंकांतील मजकूर शोधयंत्राला मराठी म्हणून ओळखताच येत नसे. युनिकोड रुळल्यावर पाने एकसारखी, काहीशी नीरस दिसू लागली. पण शोधता येऊ लागली, म्हणजेच तपासता येऊ लागली. इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षा मोठे सौंदर्य कोणते?

हा विषय विद्यार्थ्यांपुरता नाही, हे येथे संकोचाने नमूद करावे लागते. पदोन्नतीसाठी शोधनिबंध अनिवार्य झाल्यापासून आपल्या टपालपेटीत चकचकीत मुखपृष्ठांच्या नियतकालिकांची आमंत्रणे येतात. त्यांवर आयएसएसएन क्रमांक ठळक छापलेला असतो. तो केवळ ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके वगळली. पुढे 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. निवडीची जबाबदारी पुन्हा संस्थांवर व प्राध्यापकांवर आली आहे. निबंध कोणी वाचला, कोणत्या दुरुस्त्या सुचवल्या, चूक निघाल्यास शुद्धिपत्र छापले जाते काय, हे विचारण्याऐवजी आपणही मुखपृष्ठच पाहणार असू, तर त्या विद्यार्थ्याला बोल लावण्याचा आपल्याला अधिकार नाही.

त्याने निबंध दुरुस्त करून आणला. १३ आणि १७ सप्टेंबर या दोन्ही तारखा आता योग्य जागी होत्या. ते संकेतस्थळ मात्र त्याने संदर्भसूचीतून वगळले नव्हते. त्यापुढे कंसात लिहिले होते : मांडणी उत्तम, तारखा पडताळून घेतल्या.