सहज कोडेखेळ

संगणक, खेळयंत्र किंवा मोबाईलवर खेळायचे, नियम पाहताक्षणी कळतील असे आणि एक डाव काही मिनिटांत आटोपेल असे कोड्यांचे व्हिडिओ गेम. पडणारे ठोकळे बसवणे, सारख्या रंगाचे तुकडे जुळवणे, आकडे एकत्र करणे, पेट्या ढकलणे, सुरुंग हुडकणे, शब्द ओळखणे हे त्यांचे नेहमीचे प्रकार. टेट्रिस, माइनस्वीपर, बिज्वेल्ड, कँडी क्रश सागा, २०४८ आणि वर्डल ही ठळक उदाहरणे होत. या खेळांना कथानक लागत नाही आणि सरावाचे भांडवलही लागत नाही. त्यामुळे एरवी व्हिडिओ गेमच्या वाटेला न जाणारी माणसेही ते आवडीने खेळतात.

त्यांची गोडी मुख्यतः नियमांच्या बांधणीतून येते. पसारा सतत समोर येतो, तो आपल्या हाताने आवरता येतो आणि आवरल्याची पावती त्याच क्षणी मिळते. चित्रे, संगीत व बक्षिसे यांचे महत्त्व त्यानंतरचे.

नियमांची काटकसर : उत्तम कोडेखेळात नियम थोडे असतात आणि त्यांचे परिणाम पुष्कळ. हिरोयुकी इमाबायाशी यांचा सोकोबान हा खेळ जपानमध्ये थिंकिंग रॅबिट या कंपनीने १९८२ मध्ये विक्रीस आणला. त्यात गोदामातल्या कामगाराने पेट्या ठरलेल्या जागी न्यायच्या असतात. पेटी ढकलता येते पण ओढता येत नाही, आणि एका वेळी एकच ढकलता येते. या दोनच बंधनांमुळे कोपऱ्यात गेलेली पेटी कायमची अडकते. म्हणून खेळाडू लवकरच शेवटच्या स्थितीपासून मागे मागे विचार करू लागतो. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. सोकोबानचा पट लहान दिसला तरी संगणकशास्त्राच्या दृष्टीने तो अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेला थ्रीज आणि त्याच्या पाठोपाठ मार्चमध्ये आलेला २०४८ यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. दोन्हींचा पट चार बाय चार घरांचा आणि दोन्हींत आकडे सरकवून जोडायचे. थ्रीजमध्ये १ आणि २ मिळून ३ होतात व तिथून पुढे सारखे आकडेच जुळतात. एका चालीत तुकडे एकच घर सरकतात आणि पुढे काय येणार याची सूचना मिळते. हा खेळ घडवायला अशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांना वर्षाहून अधिक काळ लागला. २०४८ हा गाब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने शनिवार-रविवारच्या सुट्टीत लिहून मोफत खुला केला. त्यात तुकडे थेट कडेपर्यंत घसरतात आणि दोन सारखे आकडे जुळतात, बस्स. प्रसार २०४८ चा कितीतरी अधिक झाला. मात्र सर्वांत मोठा आकडा एका कोपऱ्यात धरून ठेवण्याची युक्ती त्यात फार दूरवर नेते आणि ती एकदा सापडली की चाली आपोआप होऊ लागतात. थ्रीजमध्ये प्रत्येक चालीला विचार करावा लागतो. खेळ म्हणून तोच अधिक खोल आहे.

टेट्रिस : या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वाधिक अभ्यासला गेलेला खेळ. मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो एलेक्ट्रोनिका-६० या संगणकावर तयार केला. अधिकृत तारीख ६ जून १९८४ अशी दिली जाते. काही अभ्यासक १९८५ हे वर्ष धरतात. पाजित्नोव यांना पाच-पाच चौकोनांचे बारा लाकडी आकार पेटीत बसवण्याचे पेंटोमिनो हे कोडे आवडत असे. संगणकासाठी त्यांनी चौकोनांची संख्या चारवर आणली. त्यामुळे आकार सातच उरले आणि ते सगळे खेळाडूच्या डोक्यात मावू लागले. एलेक्ट्रोनिका-६० ला चित्रे काढता येत नसल्याने सुरुवातीचे ठोकळे कंसांच्या चिन्हांचे होते. वादिम गेरासिमोव या शाळकरी वयाच्या सहकाऱ्याने पुढे आयबीएम पीसीसाठी रंगीत आवृत्ती केली.

पूर्ण भरलेली ओळ नाहीशी व्हावी, ही कल्पना या खेळाचा प्राण आहे. तिच्याविना पट काही क्षणांत भरून डाव संपला असता. तिच्यामुळे नीट केलेले काम डोळ्यांदेखत मिटते आणि जागा मोकळी होते, तर चुकीचे काम मात्र ढिगात शिल्लक राहते. खेळाडूसमोर नेहमी उरते ते त्याच्या चुकांचे बांधकाम, आणि ते दुरुस्त करण्याची संधीही लगेच पुढच्या ठोकळ्याबरोबर येते.

आता प्रत्यक्ष खेळ. पट दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच. मुरलेला खेळाडू कडेचा एक स्तंभ मुद्दाम रिकामा ठेवून बाकीची नऊ घरे चार ओळींपर्यंत सपाट रचत जातो आणि उभ्या लांब दांडीची वाट पाहतो. दांडी आली की ती त्या फटीत सोडायची. चारही ओळी एकदम फुटतात आणि सर्वाधिक गुण मिळतात. या वाट पाहण्यात धोका असतो. दांडी उशिरा आली तर ढीग वर चढतो आणि वेगही वाढत असतो. आता एकेक ओळ फोडून सुटका करून घ्यावी की आणखी थोडे थांबावे, हा निर्णय दर काही सेकंदांनी घ्यावा लागतो. खेळाची खरी रंगत या ताणात आहे.

सातही आकारांचे मिळून २८ चौकोन होतात, तरी त्यांपासून २८ घरांचा आयत बनवता येत नाही. बुद्धिबळाच्या पटासारखी घरे काळी-पांढरी रंगवली, तर ‘टी’ आकार तीन घरे एका रंगाची व एक दुसऱ्या रंगाचे झाकतो. उरलेले सहा आकार दोन-दोन झाकतात. एकूण हिशेब १५ आणि १३ असा होतो, तर आयताला १४ व १४ हवेत. ही अडचण आकारांतच असल्यामुळे रचना कुठे ना कुठे खडबडीत होतच राहते. ‘एस’ व ‘झेड’ हे दोन तिरके आकार आलटून पालटून येत राहिले तर कितीही कुशल खेळाडू अखेर हरतो, हे हाइडी बर्गिएल यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले. पुढचे सगळे ठोकळे आधी ठाऊक असले तरी सर्वोत्तम खेळ शोधणे संगणकालाही दुष्कर आहे, असे एरिक डिमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले. अलीकडच्या आवृत्त्यांत सात आकार जणू पिशवीत घालून एकेक काढले जातात आणि पिशवी संपल्यावर पुन्हा भरली जाते. त्यामुळे दोन दांड्यांच्या मध्ये बारापेक्षा जास्त ठोकळे येऊ शकत नाहीत. नशिबाला बोल लावण्याची जागा त्यामुळे बरीच कमी झाली.

हक्कांचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. सोव्हिएत सरकारी संस्था एलोर्गशी हेंक रॉजर्स यांनी वाटाघाटी केल्या आणि १९८९ मध्ये निन्टेंडोच्या गेम बॉयबरोबर हा खेळ घरोघरी पोचला. पाजित्नोव यांना स्वतःला मानधन मिळू लागले ते १९९६ मध्ये टेट्रिस कंपनी स्थापन झाल्यावर.

तीन जुळवण्याचे खेळ : शेजारचे दोन तुकडे अदलाबदल करून एका रंगाचे तीन ओळीत आणायचे, की ते फुटतात आणि वरचे खाली घसरतात. १९९४ चा शारिकी हा रशियन खेळ या प्रकाराचा आरंभ मानला जातो. २००१ मध्ये पॉपकॅपच्या बिज्वेल्डने तो सर्वत्र नेला. बिज्वेल्डमध्ये घड्याळ नसलेला डावही आहे. निवांतपणे, चहा घेता घेता खेळता येणे ही या प्रकाराची मोठी जमेची बाजू ठरली.

वरून पडलेले तुकडे कधी आपोआप जुळतात, त्यांच्या फुटण्याने आणखी जुळतात आणि एका चालीतून साखळी लागते. ती बहुतेक वेळा खेळाडूने योजलेली नसते, तरी सुरुवातीची चाल त्याची असल्याने आनंद स्वतःच्या कर्तबगारीचा वाटतो. योगायोग आणि कौशल्य यांच्यातली सीमा अशी पुसट ठेवणे हे या खेळांचे खास तंत्र आहे. कँडी क्रश सागामध्ये (२०१२) चार किंवा पाच गोळ्या जुळवल्यास विशेष गोळी तयार होते. ती लगेच वापरावी की दुसऱ्या विशेष गोळीशी भिडवण्यासाठी राखावी, इथे खरा विचार सुरू होतो.

प्रतिसाद : चाल बरोबर आली हे हाताला, कानाला आणि डोळ्याला एकदम कळणे. पॉपकॅपच्या पेगलमध्ये (२००७) चेंडू शेवटच्या नारिंगी खुंटीजवळ पोचला की काळ मंदावतो, चित्र जवळ येते, ढोल घुमतो आणि खुंटीला स्पर्श होताच बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीतील आनंदगीत वाजू लागते. नुसत्या वर्णनात हे अवाजवी वाटेल. खेळताना मात्र तो आनंद निखळ असतो. थ्रीजमधल्या आकड्यांना चेहरे आणि आवाज आहेत. अनपॅकिंग (२०२१) या ऑस्ट्रेलियन खेळात नव्या घरी सामान लावायचे असते. तीच वस्तू लाकडावर, फरशीवर किंवा गादीवर ठेवली की वेगवेगळी वाजते. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आलेल्या सॉलिटेअरमध्ये डाव सुटल्यावर पत्ते उड्या मारत पडद्याबाहेर जात, आणि तेवढे पाहण्यासाठीही पुन्हा डाव मांडला जाई.

न्याय्य हार : हार आपल्या चुकीने झाली असे वाटले तर खेळाडू परत येतो. विंडोजवरील माइनस्वीपरमध्ये पहिल्याच टिचकीखाली सुरुंग निघाला, तर तो गुपचूप दुसरीकडे हलवला जाई. अवघड पातळीवर मात्र ३० बाय १६ च्या पटात ९९ सुरुंग असतात आणि काही वेळा शेवटची दोन घरे निव्वळ अंदाजाने उघडावी लागतात. सगळे तर्क बरोबर लढवूनही तिथे हार येऊ शकते. हा त्याच्या रचनेतला दोषच म्हणावा लागेल.

रोजचे कोडे : जॉश वॉर्डल यांचा वर्डल ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो घेतला. पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. दिवसाला एकच कोडे आणि सगळ्यांना तेच. उत्तर न फोडता रंगीत चौकोनांतून आपला प्रवास दाखवता येत असल्याने त्यावर दिवसभर गप्पा चालतात. असा खेळ देवनागरीत आणताना एका घरात काय मावते हे आधी ठरवावे लागते. मराठी शब्दकोड्यात काना-मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरासह पूर्ण अक्षर एका चौकटीत लिहितात. त्यामुळे व्यंजन बरोबर पण स्वर चुकीचा, अशी आणखी एक खूण खेळात लागते. ‘कि’ आणि ‘की’ हे वेगळे धरायचे की कसे, हेही ठरवावे लागते.

मानसशास्त्र : काम कौशल्याच्या तोडीचे असेल तर माणूस वेळेचे भान विसरून त्यात रमतो, हे मिहाय चिकसेंटमिहाय यांचे प्रतिपादन या खेळांना नेहमी लावले जाते. डेव्हिड किर्श आणि पॉल मॅग्लिओ यांचे १९९४ चे टेट्रिसवरील निरीक्षण अधिक नेमके आहे. ठोकळा कसा बसेल हे मनात फिरवून पाहण्यापेक्षा खेळाडू तो पडद्यावरच फिरवून पाहतात, कारण ते जलद होते. म्हणजे इथे बोटेही विचारात भाग घेतात. रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या २००० मधील प्रयोगात टेट्रिस खेळलेल्यांना झोप लागताना पडते ठोकळे दिसले. स्मृतिभ्रंशामुळे आपण खेळलो हेच न आठवणाऱ्या काही रुग्णांनीही तसे आकार दिसल्याचे सांगितले. या खेळांनी एकूण बुद्धी वाढते का, याविषयी एकमत नाही.

भारतात : १९९० च्या दशकात करड्या पडद्याचे, पेन्सिल सेलवर चालणारे ‘ब्रिक गेम’ खेळण्यांच्या दुकानांतून आणि जत्रांतून विकले जात. त्यांवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात मोजक्याच खेळांची वेग आणि सुरुवात बदलून केलेली ती रूपे होती. महाराष्ट्रातल्या अनेक मुलांची टेट्रिसशी ओळख, ते नाव कानी न पडता, याच यंत्रावर झाली.

व्यवसाय : आधी विकत घ्यायचे खेळ, पुढे फुकट खेळ आणि आत खरेदी. कँडी क्रशमध्ये पाच जीव असतात, संपलेला जीव अर्ध्या तासाने भरतो आणि घाई असेल तर पैसे मोजता येतात. पातळीची कठीणता या विक्रीसाठी किती बेतलेली असते, यावर वाद आहे. कँडी क्रशची निर्माती किंग ही कंपनी अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डने २०१६ मध्ये सुमारे ५.९ अब्ज डॉलरना घेतली.