काळा दोरा : मॅटिनीतील विज्ञानपटांचे आकर्षण

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली व हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण हा विचार गांधीजींनी देशापुढे ठेवला. त्याच वर्षी मुंबईत प्रकाश पिक्चर्सचा ‘ख्वाब की दुनिया’ हा बोलपट निघाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि दुसरी घटना हीही एका अर्थी हस्तोद्योगाचीच कथा होय. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या कादंबरीवर हॉलिवुडमध्ये १९३३ साली अदृश्य मनुष्याचा चित्रपट निघाला होता. त्याच्या आधारे विजय भट्ट यांनी आपला बोलपट बेतला. हॉलिवुडची साधनसामग्री येथे नव्हती. बाबूभाई मिस्त्री या अवघ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाने मागे काळा पडदा सोडला, प्रकाश मंद केला आणि वस्तू काळ्या दोऱ्याने हलविल्या. दोरा पडद्याच्या काळोखात विरून गेला, वस्तू तेवढ्या चालू लागल्या. व्यवसायात मिस्त्रींना पुढे ‘काला धागा’ हेच नाव पडले.

स्वस्त विज्ञानपटाची पुढील तीस वर्षांची वाटचाल या दोऱ्याच्याच आधाराने झाली. नानाभाई भट्टांचा ‘मि. एक्स’ (१९५७), शांतिलाल सोनींचा ‘मि. एक्स इन बॉम्बे’ (१९६४) आणि दारासिंगला चंद्रावर धाडणारा ‘चाँद पर चढाई’ (१९६७) ही त्यांपैकी ठळक नावे. या चित्रपटांत विज्ञान नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. ज्या हातांनी अदृश्य मनुष्य घडविला त्याच हातांनी पौराणिक चमत्कारही घडविले. ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) हा चित्रपट मिस्त्रींनीच दिग्दर्शित केला. सेवाग्रामच्या गांधीजींनी १९४४ मध्ये जुहू येथे पाहिलेला ‘रामराज्य’ हा ‘ख्वाब की दुनिया’च्याच दिग्दर्शकाचा होता. (सिनेमाविषयीची गांधीजींची नावड सर्वश्रुत आहे.) पौराणिक आणि वैज्ञानिक ही विभागणी समीक्षकांची आहे, स्टुडिओतील सुताराला ती ठाऊक नव्हती.

मग प्रेक्षकाला नवे काय मिळाले? पुराणात अदृश्य होण्याची शक्ती वराने येते व वर हा तपाने किंवा कृपेने मिळतो. विज्ञानपटात ती बाटलीतून येते, आणि बाटली कोणाच्याही हाती पडू शकते. शापाला उःशाप असतो. औषधाला उतारा शोधावा लागतो आणि तो सापडेलच असे नाही. वेल्सचा नायक तो सापडण्यापूर्वीच मारला जातो. हिंदी चित्रपटाने या शोकांतिकेला गाण्यांची व हाणामारीची जोड देऊन तिची धार बोथट केली हे मान्य करूनही, सामर्थ्याचा उगम दैवाकडून मनुष्याच्या हाताकडे आला ही गोष्ट लहान नव्हे. फाळक्यांच्या ‘लंकादहन’पासून (१९१७) चालत आलेली चमत्कृतीची आवड येथे निराळ्या प्रश्नाशी जाऊन भिडते.

वर्धा जिल्हा चित्रपटवितरणाच्या दृष्टीने ‘सी. पी. बेरार’ विभागात मोडतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने प्रशासकीय सीमा बदलल्या, तरी व्यवसायाने हे जुने नाव सोडले नाही. असल्या विभागात स्टंटपट व चमत्कृतिपट यांचे आयुष्य मोठे असे. झिजलेल्या प्रती वर्षानुवर्षे फिरत व सवलतीच्या दरातील खेळांना त्या लागत. हिंगणघाट व पुलगाव ही कापडगिरण्यांची गावे. पाळीचा कामगार आणि शाळकरी मूल यांना सोयीची वेळ हेच मॅटिनीचे अर्धे आकर्षण होते. पडद्यावर काय आहे हा प्रश्न त्यानंतरचा. प्रतिष्ठित अभिरुचीच्या इतिहासात या प्रेक्षकाला स्थान मिळालेले नाही, याचे कारण त्याने लिहून काही ठेवले नाही. वृत्तपत्रीय परीक्षणांवर विसंबणारा अभ्यासक त्याच्यापर्यंत पोचूच शकत नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३६ पासून करमणूक कराचा कायदा होता. तिकिटांचा हिशेब, खेळांची संख्या, चित्रगृहांचे परवाने ही शासनाची रुक्ष कागदपत्रेच येथे परीक्षणापेक्षा अधिक बोलकी ठरावीत.

जुलै १९६९ मध्ये मनुष्य खरोखरच चंद्रावर उतरला. ‘चाँद पर चढाई’ला तेव्हा दोनच वर्षे झाली होती.