गोदावरीचं पाणी सुटलं, पोचलं किती? मोजणी कशी होते आणि आकडे कसे वाचायचे

वरच्या धरणांतून पाणी सुटलं की मोबाईलवर मेसेज सुरू होतात. नांदूर मधमेश्वरमधून इतके क्युसेक, नाथसागर इतके टक्के. मग नाशिक, नगर आणि मराठवाड्यात दरवेळी तोच वाद होतो: वरून एवढं सोडलं तर खाली एवढंच कसं पोचलं? त्यासाठी नदीचं पाणी मोजतात कसं, हे आधी माहीत पाहिजे.

नियम थोडक्यात असा. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा 2005 चा. टंचाई असेल तर ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत, खरिपाचा वापर धरून, वापरता येणाऱ्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहिली पाहिजे, असं त्यात आहे. मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार 15 ऑक्टोबरला जायकवाडीत खरीप वापरासह 65 टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरून सोडायचं. मांदाडे अभ्यासगटाने हे 65 चे 58 करा अशी शिफारस केली, त्यावर मराठवाड्यातून हरकती आल्या. 2023 मध्ये मुळा, प्रवरा, गंगापूर आणि दारणा या समूहांतून मिळून 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला होता. हा आकडा धरणाच्या दारातला. पैठणला पोचणारं पाणी त्याहून कमीच असतं.

आता मोजणी. पूर्वी माणूस नदीवर जाऊन मोजपट्टी वाचायचा, वहीत लिहायचा, फोनने कळवायचा. मोजपट्टी आजही आहे. पण आता बऱ्याच ठिकाणी पुलाला खाली तोंड करून रडार सेन्सर लावलेला दिसतो. तो पाण्याला लागत नाही. वरून लहर सोडतो आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते काढतो. शेजारी सोलर प्लेट, बॅटरी आणि एक पेटी असते. आकडा मोबाईल नेटवर्कवरून किंवा उपग्रहावरून कार्यालयात जातो, माणसाची वाट बघत नाही. राज्यात अशी मोठी यंत्रणा आधी कृष्णा-भीमा खोऱ्यात बसली, जागतिक बँकेच्या मदतीच्या जलविज्ञान प्रकल्पातून. तिथे मुख्य काळजी पुराची होती. आपल्याकडे पुराइतकीच वाटपाचीही आहे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सेन्सर क्युसेक मोजत नाही, फक्त पातळी मोजतो. त्या जागी अमुक पातळीला अमुक पाणी वाहतं, असा तक्ता आधी करून ठेवलेला असतो. त्यासाठी नदीत उतरून, होडीतून किंवा पुलावरून पाण्याचा वेग आणि खोली मोजावी लागते. पुराने पात्र बदललं, गाळ साचला किंवा कोणी वाळू उपसली की तो तक्ता चुकतो. पातळी बरोबर आणि क्युसेक चूक, असं होऊ शकतं. म्हणून पावसाळ्यानंतर तक्ता पुन्हा तपासला का, हा प्रश्न बैठकीत विचारण्यासारखा आहे. सेन्सर नवा आहे की जुना, याने तितका फरक पडत नाही.

दुसरी अडचण दोन केंद्रांच्या मधली. वरच्या केंद्रावर पाणी मोजलं, खालच्यावर मोजलं, मधे गेलं कुठे? काही कोरड्या पात्रात मुरतं, काही उन्हाने उडतं. काही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडतं, म्हणून सोडण्याआधी फळ्या काढायला लावतात. आणि काही काठावरच्या मोटारी ओढतात, म्हणून त्या काळात वीज बंद होते. या मोटारींचं मोजमाप ताबडतोब दिसेल अशी सोय नाही. त्यामुळे घट दिसते, पण त्यातली मुरलेली किती आणि उचललेली किती, हे आकडा सांगत नाही. काठावरचा माणूस चोर ठरतो किंवा सगळं ‘वहनव्यय’ म्हणून सोडून दिलं जातं. दोन्ही बरोबर नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने 2018 च्या नियमांत नदीवरच्या मोठ्या पंपांना आपोआप आकडा पाठवणारे मीटर सक्तीचे केले. आपल्याकडे तसं करायचं तर आधी दिवसा नियमित वीज द्यावी लागेल, नाहीतर मीटरला कोण हात लावू देणार?

आता मेसेज वाचायची रीत. क्युसेक हा वेग आहे, एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण 28 लिटर. टीएमसी हा साठा, म्हणजे शंभर कोटी घनफूट. 11,574 क्युसेकने पूर्ण चोवीस तास पाणी चाललं तर एक टीएमसी होतं. एक हजार क्युसेकने तेवढ्याला साडेअकरा दिवस लागतात. म्हणून ‘पाच हजारांनी सोडलं’ एवढ्याने काही कळत नाही, किती तास सोडलं ते बघा. मेसेजमध्ये ‘1 जूनपासून एकूण’ असा आकडा असतो, तोच खरा हिशेबाचा.

जायकवाडीचा साठाही नीट वाचा. एकूण क्षमता 102.7 टीएमसी, त्यातला मृतसाठा 26 आणि उपयुक्त 76.6. मेसेजमध्ये ‘एकूण साठा 26 टीएमसी’ असेल तर धरण शून्य टक्क्यांवर आहे, पाव भरलेलं नाही. जलाशय पसरट आहे, भरल्यावर साधारण 350 चौरस किलोमीटर. पातळीत एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे सव्वा दशांश टीएमसी, दिवसभर 1,400 क्युसेक सोडल्याएवढं. नुसत्या वाऱ्याच्या लाटांनीही एवढा फरक पडू शकतो. म्हणून एका सकाळच्या आकड्यावरून भांडू नका, चार-पाच दिवसांचे आकडे एकत्र बघा. वरच्या आणि खालच्या केंद्रांची तुलना करताना पाणी पोचायला लागणारा वेळ मधे धरा. त्याच दिवसाचे दोन आकडे एकमेकांतून वजा केले तर हिशेब चुकणारच.

तुमच्या गावात पाणी वापर संस्था असेल तर 2005 च्याच दुसऱ्या कायद्याने, सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाच्या कायद्याने, तिला पाणी घनमापनावर मिळतं. दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर संस्थांनी हेच करून दाखवलंय. चारीच्या तोंडाशी मोजपट्टी आहे का ते बघा. असेल तर आवर्तनात रोज ठराविक वेळेला तिचा फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा, आणि विभागाच्या आकड्याशी ताडून बघा. मोजपट्टी मोडलेली असेल तर आवर्तन सुरू व्हायच्या आधी शाखा अभियंत्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.