गुंतवणूक म्हणून दुर्मीळ वाईन

दुर्मीळ वाईनमधील गुंतवणूक म्हणजे उच्च प्रतीची, मर्यादित उत्पादनाची आणि दीर्घकाळ टिकणारी वाईन पिण्यासाठी न घेता कालांतराने वाढीव किमतीस विकण्याच्या उद्देशाने खरेदी करणे व साठवणे होय. अशा वाईनवर व्याज किंवा लाभांश मिळत नाही. परतावा केवळ पुनर्विक्रीतूनच येतो. त्यामुळे साठवलेली वाईन किती लवकर, किती खर्चात आणि किमतीत किती तूट सोसून रोख रकमेत बदलता येते, म्हणजेच तिची तरलता (रोकडसुलभता), हा या गुंतवणुकीतील निर्णायक घटक ठरतो. दुर्मीळता आणि तरलता या एकच गोष्ट नसून बऱ्याचदा त्या परस्परविरोधी असतात.

तरलतेची संकल्पना

एखादी वस्तू तरल असण्यासाठी तिचा एक नग दुसऱ्या नगाच्या जागी चालला पाहिजे, ग्राहक पुष्कळ असले पाहिजेत आणि भाव सर्वांना दिसला पाहिजे. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीसारख्या ठिकाणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचा लिलाव होतो, तेव्हा आर्द्रता, काडीकचरा आणि डागी दाण्यांचे प्रमाण पाहून व्यापारी बोली लावतात. समान प्रतीचा एक क्विंटल दुसऱ्या क्विंटलसारखाच असल्याने त्याला ग्राहक शोधावा लागत नाही. भाव पडलेले असतील तर महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या १९९०-९१ पासून सुरू असलेल्या शेतमाल तारण कर्ज योजनेखाली माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत कर्जही घेता येते.

दुर्मीळ वाईनबाबत परिस्थिती वेगळी असते. एकाच मळ्याची, एकाच वर्षाची वाईनसुद्धा साठवणुकीच्या फरकामुळे भिन्न किमतीची ठरते. जाहीर झालेला भाव व विक्रेत्याच्या हाती येणारी रक्कम यांत त्यामुळे मोठे अंतर पडू शकते. समजा, एका पेटीसाठी ग्राहक १,००० पौंड देऊ करतो आणि विक्रेते १,२०० पौंड मागतात. मध्यबिंदू धरला तर पेटीचे 'मूल्य' १,१०० पौंड दिसते. परंतु तातडीने विकणाऱ्यास १,००० पौंड आणि त्यातून १० टक्के दलाली वजा जाता ९०० पौंडच मिळतात.

पार्श्वभूमी

फ्रान्समधील बोर्दो प्रदेशातील वाईनचे वर्गीकरण १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने करण्यात आले. त्यातील प्रथम श्रेणीत आज शातो लाफित रॉथशिल्ड, शातो लातूर, शातो मार्गो, शातो ओ-ब्रियाँ आणि १९७३ मध्ये बढती मिळालेले शातो मूताँ रॉथशिल्ड हे पाच मळे आहेत. बोर्दोमध्ये वाईन पिंपात मुरत असतानाच ती विकण्याची पद्धत आहे. खरेदीदार आधी पैसे भरतो व बाटल्या सुमारे दोन वर्षांनी ताब्यात येतात. शातो लातूरने २०१२ मध्ये या पद्धतीतून बाहेर पडण्याचे जाहीर केले.

लंडनमध्ये २००० साली जेम्स माइल्स व जस्टिन गिब्ज या दोघांनी लिव्ह-एक्स हा वाईनचा विनिमय बाजार स्थापन केला. तेथे केवळ व्यावसायिक व्यापारी सदस्य होऊ शकतात. सामान्य गुंतवणूकदारास मध्यस्थामार्फतच व्यवहार करावा लागतो. या बाजारातील 'फाइन वाईन १००' हा निर्देशांक सर्वाधिक मागणीच्या शंभर वाईनच्या मध्यभावांवर आधारित असतो. फेब्रुवारी २००८ मध्ये हाँगकाँगने वाईनवरील कर रद्द केल्यानंतर ते शहर लिलावांचे मोठे केंद्र बनले.

प्रदेशनिहाय तुलना

बोर्दो: प्रथम श्रेणीच्या एका मळ्याची मुख्य वाईन वर्षाला लाखभर बाटल्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक निघते. नाव जगभर परिचित, माल पुरेसा आणि बारा किंवा सहा बाटल्यांची मूळ लाकडी पेटी हे ठरलेले परिमाण, यामुळे बोर्दोची वाईन सर्वांत तरल मानली जाते. २०१० च्या सुमारास लिव्ह-एक्सवरील उलाढालीत बोर्दोचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. पुढील दशकात इतर प्रदेशांची मागणी वाढून तो निम्म्याहून खाली आला.

बर्गंडी: येथील मळे लहान आहेत. रोमाने-काँती हा मळा दोन हेक्टरहूनही कमी क्षेत्राचा असून त्यातून वर्षाला काही हजार बाटल्याच निघतात. किमती अत्युच्च असल्या तरी व्यवहार तुरळक होतात व त्यामुळे 'चालू भाव' ठरवणे अवघड जाते. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे सदबीजच्या लिलावात रोमाने-काँतीची १९४५ सालची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. लिलावापूर्वीचा अंदाज ३२,००० डॉलरपर्यंतचाच होता. त्याच लिलावात त्याच संग्रहातील त्याच वर्षाची दुसरी बाटली ४,९६,००० डॉलरला विकली गेली. काही मिनिटांच्या अंतराने पडलेला ६२,००० डॉलरचा हा फरक, ग्राहक मोजके असले की किंमत किती अनिश्चित होते हे दर्शवतो.

शॅम्पेन व इटली: नामांकित शॅम्पेन आणि तोस्कानातील सासिकायासारख्या वाईन तुलनेने मोठ्या प्रमाणात तयार होतात. त्यांची दर बाटली किंमत बर्गंडीच्या सर्वोच्च वाईनपेक्षा बरीच कमी असल्याने ग्राहकवर्ग रुंद असतो. त्यामुळे विक्री सुलभ होते.

विक्रीचे मार्ग व खर्च

* लिलावगृह: दुर्मीळ व जुन्या बाटल्यांसाठी सोयीचे. खरेदीदाराकडून अंतिम बोलीवर साधारणपणे २० ते २५ टक्के अधिमूल्य घेतले जाते व विक्रेत्याकडून वेगळी दलाली आकारली जाऊ शकते. लिलावाच्या तारखेची वाट पाहावी लागते आणि राखीव किंमत न आल्यास माल परत येतो.
* व्यापाऱ्यास थेट विक्री: पैसे लवकर मिळतात, मात्र व्यापारी आपला नफा राखून भाव देतो.
* दलालीवर विक्री: भाव चांगला मिळण्याची शक्यता असते, परंतु ग्राहक मिळेपर्यंतचा काळ अनिश्चित असतो.

याशिवाय गोदामभाडे व विमा यांचा खर्च दरवर्षी होत राहतो. ब्रिटनमध्ये वाईन सीमाशुल्क गोदामात ठेवल्यास आयातशुल्क व मूल्यवर्धित कर ती बाहेर काढेपर्यंत लागू होत नाहीत. अशा गोदामात सतत राहिलेल्या पेटीला बाजारात अधिक पसंती असते.

पूर्वेतिहास आणि बनावट माल

बाटली कोणाकडून कोणाकडे गेली आणि कोणत्या तापमानात राहिली याची सलग नोंद हा तरलतेचा पाया आहे. बुचाजवळील वाईनची पातळी उतरलेली असणे, लेबल डागाळलेले असणे किंवा मूळ पेटी नसणे या कारणांनी भाव घटतो. अमेरिकेत रूडी कुर्नियावान याला बनावट दुर्मीळ वाईन विकल्याप्रकरणी डिसेंबर २०१३ मध्ये दोषी ठरवण्यात आले व २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणानंतर नोंदीविना असलेल्या जुन्या बाटल्यांकडे ग्राहक अधिक संशयाने पाहू लागले.

मंदीतील तरलता

चिनी मागणीमुळे वाढलेल्या बोर्दोच्या किमती २०११ च्या मध्यानंतर घसरू लागल्या व ही घसरण २०१४ पर्यंत चालली. २०२२ च्या उत्तरार्धातील उच्चांकानंतरही बाजार पुन्हा खाली आला. मंदीत किंमत घटतेच, शिवाय ग्राहकही कमी होतात. त्यामुळे मालकास सर्वाधिक निकड असते तेव्हाच तरलता सर्वांत कमी असू शकते. लक्झेंबर्गमधील नोबल क्रू या वाईन निधीने २०१३ मध्ये गुंतवणूकदारांना पैसे परत देणे स्थगित केले होते. साठ्याचे कागदोपत्री मूल्य आणि प्रत्यक्ष विक्रीयोग्यता यांतील अंतराचे हे ठळक उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये वाईनच्या थेट खरेदीवर तेथील वित्तीय आचरण प्राधिकरणाचे नियंत्रण नसल्याने गुंतवणूकदारास भरपाईचे संरक्षणही मिळत नाही.

भारत व महाराष्ट्रातील स्थिती

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मादक पेये हा राज्यसूचीतील विषय आहे. महाराष्ट्रात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू असून त्याअन्वये परवान्याशिवाय मद्यविक्री हा गुन्हा आहे. मद्य बाळगण्याचा किंवा सेवनाचा परवाना म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. परिणामी, कायदेशीररीत्या खरेदी केलेली मौल्यवान बाटलीही खासगी व्यक्तीस दुसऱ्या ग्राहकाला विकता येत नाही. परदेशात सर्वाधिक तरल ठरणारी बोर्दोची पेटी राज्यातील घरी आणताच सामान्य मालकाच्या दृष्टीने जवळजवळ अविक्रेय बनते.

आयातीवरील कर हा दुसरा अडथळा आहे. वाईनवरील मूळ सीमाशुल्क दीर्घकाळ १५० टक्के होते. २०२१ च्या अर्थसंकल्पात ते ५० टक्के करून त्यावर १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावण्यात आला. एकूण भार तेवढाच राहिला. हा भार पुनर्विक्रीत परत मिळत नाही.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन उद्याने उभारण्यात आली आणि नाशिक परिसर देशातील प्रमुख वाईन उत्पादक प्रदेश बनला. तथापि, येथील बहुतांश वाईन अल्प काळात पिण्यासाठी तयार केली जाते व तिच्या जुन्या बाटल्यांचा संघटित दुय्यम बाजार नाही.

नाशिकची सुला व्हिनयार्ड्स ही कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात सूचिबद्ध झाली. तिचा समभाग बाजाराच्या कामकाजाच्या दिवशी विकता येतो व व्यवहाराची पूर्तता दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी होते. मात्र समभागाची किंमत कंपनीच्या नफ्यावर अवलंबून असल्याने ती दुर्मीळ वाईनमधील गुंतवणूक ठरत नाही.

हे सुद्धा पहा

* तरलता (अर्थशास्त्र)
* बोर्दो वाईन
* भारतीय वाईन
* महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम
* शेतमाल तारण कर्ज योजना