स्लीपर, काँक्रीटचा

रेल्वेमार्गात दोन रुळांखाली आडवा बसवलेला, रुळांमधले अंतर राखणारा आणि चाकांचा भार खडीवर पसरवणारा पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा ठोकळा. भारतातल्या ब्रॉडगेज मार्गावर (दोन रुळांतील अंतर 1,676 मिमी.) मीटरला 60 किग्रॅ. वजनाच्या रुळांसाठी जो प्रमाणित स्लीपर सर्वत्र दिसतो, तो 2.75 मी. लांब आणि सुमारे 267 किग्रॅ. वजनाचा असतो. मुख्य मार्गांवर दर 60 सेंमी.ला एक, म्हणजे किलोमीटरला 1,660 स्लीपर लागतात. त्याचा आराखडा लखनौच्या ‘आरडीएसओ’ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेने ठरवलेला आहे. फलाटावर उभे राहून पाहिले तर हा स्लीपर साधा, राखाडी, जरासा बेढब ठोकळा वाटतो. त्याच्या प्रत्येक उतारामागे मात्र हिशेब आहे.

लाकडापासून काँक्रीटपर्यंत : भारतात रेल्वे आली ती लाकडी स्लीपरांवर. साल, साग, देवदार ही त्यासाठीची मुख्य झाडे. हिमालयातले देवदार तोडून नद्यांच्या प्रवाहातून खाली सोडले जात आणि मैदानात अडवून कापले जात. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर 2,750 × 250 × 130 मिमी. मापाचा असे. लाकूड धक्का सोसते, रूळ त्यात सहज खिळवता येतात, चार माणसे तो उचलू शकतात. पण ते कुजते आणि त्याला वाळवी लागते. पुढे पोलादी आणि ओतीव लोखंडी स्लीपर आले. त्यांपैकी ‘सीएसटी-9’ हा दोन ओतीव पाट्या एका पट्टीने जोडलेला स्लीपर भारतात फार वर्षे टिकला. पण तो हलका होता, वेग वाढला तसा अपुरा पडू लागला. शिवाय सिग्नलसाठी रुळांतून जी वीज खेळवतात, तिला दोन रूळ एकमेकांपासून तोडलेले लागतात. हा स्लीपर तर त्यांना लोखंडानेच जोडत होता.

साध्या सळयांच्या काँक्रीटचे स्लीपर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अनेक देशांनी करून पाहिले आणि ते तडकले. वाट मोकळी केली ती फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने याने. काँक्रीट घालण्याआधी तारा ताणून ठेवायच्या आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर सोडायच्या, म्हणजे त्या आखडताना काँक्रीटला कायमचे दाबून धरतात, या कल्पनेचे एकस्व त्याने 1928 मध्ये घेतले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लाकडाची टंचाई झाली आणि तिथे असे स्लीपर मार्गात पडू लागले. भारतात त्यांची सुरुवात 1960 च्या दशकाच्या अखेरीस झाली.

अंगावर येणारे भार : 25 टन आसभाराच्या मालडब्याचे एक चाक साडेबारा टन दाबते. रूळ ताठ असल्यामुळे हा भार एकट्या स्लीपरवर पडत नाही. शेजारचे स्लीपर वाटा उचलतात आणि चाकाखालच्या स्लीपरवर साधारण निम्मा येतो. उभ्या गाडीचा हिशेब इथे संपतो, पण धावत्या गाडीचे चाक आपटते. ब्रेक लागून घासलेल्या चाकावर एक चपटी जागा तयार होते आणि ते चाक दर फेऱ्याला हातोड्यासारखा ठोका देते. रुळाचा सांधा बसका असेल, शेजारचा स्लीपर खडीवर टेकलेला नसेल, तर भार आणखी वाढतो. म्हणून भारतीय स्लीपर प्रत्येक रुळाच्या बैठकीवर 15 टन भार धरून आखलेला आहे. दुसरी कसोटी वळणाची : एका बैठकीवर 13 टन उभा भार आणि त्याच वेळी रुळाला बाहेर ढकलणारा 7 टन आडवा भार. तिसरी सर्वांत बोलकी आहे. दोन्ही बैठकांवर 15-15 टन भार, आणि खालून स्लीपरच्या मध्यावर त्याच्या निम्मा उलटा रेटा. असा उलटा रेटा कुठून येतो, ते पुढे येईल.

या सगळ्यापेक्षा कमी लक्षात येणारा भार उन्हाचा आहे. पूर्वी सांध्यांवर फट ठेवून रूळ जोडत. आता लांबच लांब रूळ वितळजोडाने एकसंध करतात. अशा रुळाला तापल्यावर लांब होता येत नाही, म्हणून तो आत दाब साठवतो. 60 किग्रॅ. रुळात तापमान 30 अंशांनी वाढले की सुमारे 57 टन दाब तयार होतो, दोन्ही रुळांत मिळून 114 टन. वैशाखातल्या दुपारी विदर्भातल्या रिकाम्या मार्गावर गाडी नसतानाही हा जोर असतो, आणि स्लीपरांनी दाद दिली तर संपूर्ण मार्ग सापासारखा बाजूला वाकतो. इथे काँक्रीटचे वजनच कामी येते. लाकडी स्लीपरच्या तिपटीहून जड असलेला ठोकळा खडीत रुतून बसतो आणि सहजी सरकत नाही. बोर आणि थळ घाटांत 37 ला 1 असा चढ आहे. तिथे ब्रेक लावत उतरणाऱ्या गाड्या रूळ उताराकडे ओढतात आणि तो जोरही क्लिपांमार्फत स्लीपरवरच येतो.

आकाराचे गणित : काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ओढ फारशी सोसत नाही, त्याची ओढ सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा असते. स्लीपर वाकला की त्याची एक बाजू ओढली जाते आणि तडा तिथून सुरू होतो. यावर उपाय म्हणून प्रमाणित स्लीपरमध्ये 18 पीळ असतात. प्रत्येक पीळ 3 मिमी.च्या तीन उच्चताण तारांचा, आणि प्रत्येक 27 किलोन्यूटन जोराने ताणलेला. सर्व मिळून सुमारे 49 टन होतात. काळाच्या ओघात काँक्रीट आकसते, तारा थोड्या सैल पडतात आणि यातला काही दाब कमी होतो. तरी जो उरतो तो गाडीने निर्माण केलेली ओढ आधीच पचवून टाकतो. तडा पडलाच तर गाडी गेल्यावर तारा तो पुन्हा मिटवतात. साध्या सळयांच्या स्लीपरमध्ये तडा उघडाच राही, त्यात पाणी शिरे, खडीची भुकटी जाई आणि तो दर गाडीगणिक रुंदावे.

खरी अडचण ही, की स्लीपर एकाच दिशेने वाकत नाही. दोन रुळांच्या मध्यांतले अंतर सुमारे 1.75 मी.; म्हणजे रुळाबाहेर दोन्ही टोकांना अर्धा अर्धा मीटर स्लीपर उरतो. नुकतेच पॅकिंग (स्लीपरखाली खडी ठासण्याचे काम) झालेले असेल तेव्हा खडी रुळांखाली घट्ट आणि मध्ये सैल असते. गाडी आली की रुळाखालच्या जागी स्लीपरची तळाची बाजू ओढली जाते. हजारो चाके गेल्यावर रुळांखालची खडी दबते, झिजते, मधली मात्र तशीच राहते. मग स्लीपर पोटावर टेकलेल्या फळीसारखा दोन्ही टोकांना झुलू लागतो आणि मध्यावर वरची बाजू ओढली जाते. तिसऱ्या कसोटीतला उलटा रेटा हाच.

म्हणजे तारा रुळाखाली तळाजवळ हव्यात आणि मध्यावर वरच्या बाजूला. पण ताणलेली तार सरळच राहते, ती लहरत नेता येत नाही. स्लीपरच्या रचनेतली मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती इथे आहे : तारा सरळ ठेवून काँक्रीटच कमीजास्त केले. रुळाखाली स्लीपर 210 मिमी. उंच, मध्यावर 180 मिमी. बैठकीपाशी उंची वाढल्यामुळे काँक्रीटचा मध्य वर सरकतो आणि तारांचा समूह त्याच्या खाली येतो. मध्यावर उंची घटल्यामुळे त्याच तारा तुलनेने वर ठरतात. नवख्या माणसाला पोटात बारीक झालेला हा भाग कमजोर वाटतो. तो जाड केला असता तर स्लीपर जड झाला असता आणि मध्यावर लवकर तडकला असता.

दुसरी मर्यादा टोकांची. तारा सोडल्यावर त्या टोकापाशी लगेच पूर्ण दाब देत नाहीत. काँक्रीट त्यांना जसजसे धरते तसतसा दाब आत वाढत जातो, आणि रुळाची बैठक तर टोकापासून अर्ध्या मीटरवर. तेवढ्या अंतरात पकड पूर्ण व्हावी लागते. एकाच जाड तारेपेक्षा पिळलेल्या बारीक तारांना काँक्रीट धरायला पृष्ठभाग जास्त मिळतो. तारेवर तेलाचा थर असला किंवा काँक्रीट पुरेसे घट्ट होण्याआधी ताण सोडला, तर पकडीची लांबी वाढते आणि बैठकीखालीच स्लीपर कच्चा राहतो.

कारखान्यात काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणून स्लीपरला वाफ देतात. ही घाई जपून करावी लागते. कोवळ्या काँक्रीटचे तापमान 70 अंशांच्या बरेच वर गेले, तर सिमेंटमधली एक रासायनिक क्रिया अर्धवट राहते आणि काही वर्षांनी ओलाव्यात पुन्हा सुरू होऊन काँक्रीट आतून फुगते. जर्मनी आणि फिनलंडमध्ये 1980 च्या दशकात असे तडकलेले स्लीपर सापडले आणि वाफेच्या तापमानावर बंधने आली. तयार स्लीपरांतून नमुने काढून ते दाबयंत्राखाली वाकवले जातात : बैठकीवर 230 किलोन्यूटनपर्यंत आणि मध्यावर वरच्या बाजूस 60 किलोन्यूटनपर्यंत तडा दिसता कामा नये, पूर्ण मोडायला बैठकीवर निदान 370 किलोन्यूटन लागले पाहिजेत.

रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये : काँक्रीट ताठ असते आणि ताठ वस्तूला धक्का जास्त लागतो. म्हणून रुळाखाली खाचांचा रबरी पॅड असतो. कडेला पोलाद किंवा काचतंतूयुक्त नायलॉनचे लायनर असतात आणि काँक्रीटमध्ये ओतलेल्या लोखंडी इन्सर्टात वळणदार क्लिप ठोकून बसवतात. नॉर्वेचा रेल्वे अभियंता पेर पांदे-रोल्फसेन याने 1950 च्या दशकात ही क्लिप शोधली. त्याच्याच आडनावावरून ‘पँड्रॉल’ हे नाव पडले आणि ते भारतीय रेल्वेतही रुळले. भारतात वापरली जाणारी मार्क-3 क्लिप रुळाला 850 ते 1,100 किग्रॅ. जोराने दाबून धरते.

पॅड झिजला की खाली चिखलपाणी आणि दगडाची भुकटी शिरते आणि रूळ काँक्रीटवर कानशीसारखा घासू लागतो. 3 एप्रिल 2005 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या होम व्हॅलीजवळ एक प्रवासी गाडी घसरली. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण दिले ते काँक्रीटच्या झिजलेल्या बैठकींचे : बाहेरचा रूळ कलला आणि मार्ग रुंदावला. यानंतर तिथे काँक्रीट स्लीपरांच्या तपासणीचे वेगळे नियम झाले. अमेरिकेत बहुतेक मार्ग अजून लाकडी स्लीपरांवर आहेत, आणि त्यामागे एक रास्त कारण आहे. लाकडांच्या रांगेत मधूनच काँक्रीट टाकले तर ताठ स्लीपर शेजाऱ्यांचाही भार ओढून घेतो. बदल करायचा तर सलग करावा लागतो.

अधिक मजबुतीचे प्रयत्न : आसभार वाढला तसा भारतात रुंद बुडाचा, अधिक वजनाचा स्लीपर आला. न्हावा शेवा ते दादरी या पश्चिम समर्पित मालवाहू मार्गाचा आसभार 25 टन आहे. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात लोहखनिजाच्या गाड्या 40 टनांपर्यंत जातात. युरोपात, विशेषतः ऑस्ट्रियात, स्लीपरच्या तळालाच मऊ थर चिकटवतात. कठीण काँक्रीट खडीच्या मोजक्या टोकांवर टेकते आणि ती टोके चिरडते. मऊ तळात खडी रुतते आणि भार अनेक दगडांवर वाटला जातो. माझ्या मते पुढची सुधारणा या दिशेने जास्त होईल. काँक्रीट आणखी कठीण करून खडी वाचत नाही. पुलांवर, जिथे जड स्लीपर चालत नाही, तिथे जपानमध्ये 1980 च्या दशकापासून काचतंतू आणि फेसाळ युरेथेनचे स्लीपर वापरात आहेत. मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्गावर रूळ थेट काँक्रीटच्या सपाट फरश्यांवर बसवले जातात. तिथे खडी नाही आणि वेगळा स्लीपरही नाही.

तड्यांची ओळख : मार्गावर चालणाऱ्या कीमनला आणि अभियंत्याला तड्याची जागा बरेच काही सांगते. मध्यावर वरच्या अंगाला आडवा तडा म्हणजे स्लीपर पोटावर टेकला आहे. टोकाकडे जाळ्यासारखे बारीक तडे म्हणजे काँक्रीट आतून फुगते आहे, आणि तिथे सबंध घाण्यातले स्लीपर संशयास्पद ठरतात. इन्सर्टपासून लांबीच्या दिशेने निघालेला तडा साच्यातल्या चुकीकडे किंवा इन्सर्टमध्ये साचलेल्या पाण्याकडे बोट दाखवतो. सर्वांत घातक तडा बैठकीखाली, तळाशी असतो, आणि खडी उकरल्याशिवाय तो दिसत नाही. काळ्या मातीच्या भरावावर पावसाळ्यानंतर चिखल खडीत वर येतो, काही स्लीपर अधांतरी लटकतात आणि शेजारच्यांवर जास्तीचा भार पडतो. अशा ठिकाणी मोडलेला स्लीपर काढून नवा टाकला आणि खडी तशीच ठेवली, तर नवाही त्याच जागी मोडतो.