औट्रम घाट, मिस्त्री आणि फेरफार केलेली फियाट

आपल्याकडे मोटारींचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा कारखानदारांचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कशी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या आणि मग इटलीच्या फियाट कशा बाहेर पडल्या, हे सगळे पुस्तकांत सापडते. सोलापूरच्या एका माणसाने हे धाडस केले म्हणून आपल्याला अभिमानही वाटतो, आणि तो योग्यच आहे. पण गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षे तिचे काय झाले, ती कुणी उघडली, कुणी बदलली, कुणी पळवली, याची नोंद कुणी ठेवली नाही. इतिहासाचा मास्तर असल्याने मला ही गोष्ट खटकते. म्हणून आज थोडे त्याविषयी.

गाडीत फेरफार करून तिचा वेग वाढवणे हा श्रीमंत पोरांचा अलीकडचा नाद आहे, असे आपण समजतो. रात्री फटाके फोडणारा सायलेन्सर लावून गल्लीतून जाणारी मोटारसायकल ऐकली की मलाही तसेच वाटते! पण हा नाद जुना आहे आणि त्याचे कूळही चांगले आहे. १९४९ साली इटलीत कार्लो आबार्थ नावाच्या गृहस्थाने धंदा सुरू केला. साध्या फियाट गाड्यांना नवे सायलेन्सर, नवे कार्बोरेटर बसवून तो त्यांना शर्यतीच्या गाड्या करून देई. पुढे १९७१ साली खुद्द फियाट कंपनीने त्याचा कारखाना विकत घेतला. म्हणजे ज्या कंपनीची गाडी आपल्याकडे लग्नाच्या वरातीत शोभून दिसे, तिच्याच मायदेशी तिच्या इंजिनाशी खेळणे हा मानाचा व्यवसाय होता.

आपल्याकडे मात्र या कलेचा जन्म हौसेपेक्षा टंचाईतून झाला. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा तो काळ. गाड्यांच्या वाटपावर आणि विक्रीवर १९५९ पासून सरकारी नियंत्रण आदेश होता. बाहेरून गाडी आणावी तर जकात परवडत नसे. त्यामुळे मिळाली ती गाडी आयुष्यभर चालवायची, आणि चांगली गाडी हवी असेल तर आहे तीच चांगली करून घ्यायची. फियाट अकराशे (इटालियन भाषेत मिलेचेंतो म्हणजे अकराशेच) आपल्याकडे १९५४ पासून आली. त्या जुन्या गोलमटोल गाडीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. मग डिलाइट, प्रेसिडेंट, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पद्मिनी. नावे बदलली, पण इंजिन तेच १०८९ सीसीचे. पद्मिनीची ताकद चाळीसेक अश्वशक्ती. २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत गाडी मुळात फारशी बदलली नाही. कंपनी बदलत नव्हती, तेव्हा ते काम मिस्त्र्यांकडे आले.

आता चाळीसगावकडे येतो. आमच्या गावाची जगाला ओळख आहे ती केकी मूस यांच्यामुळे. स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यातून हा थोर छायाचित्रकार सुमारे पन्नास वर्षे जवळपास बाहेरच पडला नाही. १९८९ साली ते गेले. त्याच गावात, त्याच वर्षांत, दर रविवारी गाडी काढून घाटात जाणारा एक माणूस राहत होता. तो माझा मित्र. कापसाचा अडत्या. दोघांनाही लोक वेडेच म्हणत, हा भाग वेगळा.

चाळीसगावातून दक्षिणेला निघाले की थोड्याच वेळात औट्रम घाट लागतो. लोक त्याला कन्नडचा घाट म्हणतात. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे हे नाव. खानदेशाचे सपाट रान संपते आणि रस्ता अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून वर मराठवाड्याच्या पठारावर चढतो. धुळे-सोलापूर महामार्ग इथूनच जातो. या घाटाने आमच्या भागातल्या प्रत्येक गाडीची आणि प्रत्येक मिस्त्रीची परीक्षा घेतली आहे. मुंबईच्या रस्त्यावर न दिसणारे दोष इथे दहा मिनिटांत दिसत.

मित्राकडे १९७१ सालची फियाट अकराशे डिलाइट होती. १९७८ साली त्याने ती जुनी म्हणून घेतली. पहिल्याच मे महिन्यात घाटाच्या मध्यावर ती बंद पडली. खानदेशातला मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटून असे. इंजिन तापले की पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नसे. उपाय एकच, पंपावर ओले फडके टाकून बसायचे. त्या काळी फियाटवाल्याच्या गाडीत पाण्याची बाटली आणि जुने धोतर असायचेच, आणि ती बाटली पिण्यासाठी नसे.

बहुतेकांनी हे फडके आयुष्यभर वापरले. मित्राला ते सहन झाले नाही. आमच्या गावात एक मिस्त्री होते, चौथी शिकलेले, अहिराणी बोलणारे. त्यांनी पंप आणि इंजिन यांच्यामध्ये जाड फायबरची चकती घातली, पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर फिरवली, रेडिएटरच्या जाळ्या वाढवून घेतल्या. पुढच्या उन्हाळ्यात गाडी न थांबता वर गेली. इथून या नादाला सुरुवात झाली.

मित्र मूळचा व्यापारी. त्याने सगळ्याचा हिशोब ठेवला, तोही कापसाच्या रोजमेळातच. एका ओळीत गाठींचा भाव, खालच्या ओळीत 'हेड घासाई'. हे रोजमेळ आता माझ्याकडे आहेत, आणि मला ते कोणत्याही बखरीइतकेच मोलाचे वाटतात. हेड घासाई म्हणजे काय, ते सांगतो. इंजिनाचे हेड खालून थोडे घासून घेतले की ज्वलनाची जागा लहान होते, दाब वाढतो आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त जोर मिळतो. पण यालाही मर्यादा आहे. त्या वेळी आपल्याकडे साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे मिळे. दाब जास्त झाला की ते पेट्रोल वेळेआधीच पेट घेते, चढावर इंजिन खडखडू लागते, आणि दुर्लक्ष केले तर पिस्टनला भोक पडते. किती घासायचे हे मिस्त्री पुस्तकात बघत नसत. थोडे घासायचे, घाटात जायचे, कान लावायचे, परत यायचे. रोजमेळात एका हेडची घासाई तीनदा लिहिलेली आहे आणि प्रत्येकीपुढे 'घाट' असा शब्द आहे.

पुढे दोन तोंडांचा कार्बोरेटर आला. सिलिंडर रिबोअर होऊन ओव्हरसाइज पिस्टन पडले. सुटे भाग मुंबईहून यायचे. चाळीसगाव जंक्शन मुंबईपासून सव्वातीनशे किलोमीटरवर, मुख्य मार्गावर. रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर ऑपेरा हाउसच्या आणि कुर्ल्याच्या दुकानांतून हिंडायचे, पिशवीत ग्रीस लागलेले लोखंड घेऊन परत यायचे. घरच्या मंडळींना मात्र 'वसुलीला गेलो होतो' असे सांगायचे! जे मुंबईत मिळायचे नाही ते मालेगावला भंगारात शोधायचे.

मला इथे खरे तर वेगापेक्षा ब्रेकबद्दल लिहायचे आहे. गाडीचा जोर वाढल्यावर मित्र खूश होता. मिस्त्री नव्हते. ते म्हणाले, "भाऊ, गाडी पळाडनं सोपं शे, थांबाडनं कठीन शे." या फियाटला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आले की ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटते आणि पाय खाली जात राहतो, गाडी मात्र थांबत नाही. कारखान्याने हे ब्रेक चाळीस अश्वशक्तीच्या हिशोबाने दिले होते. मिस्त्रींनी कडक जातीचे लायनिंग लावले, ड्रम लेथवर घेऊन गोल केले, मागच्या कमानीत एक पाटा वाढवला. आणि एक नियम घातला, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. हे सगळे होईपर्यंत त्यांनी दुसरा कार्बोरेटर बसवायला नकार दिला होता. तो दोन महिने त्यांच्या दुकानात फळीवर पडून होता. आजची मुले आधी आवाज वाढवतात, मग दिवे लावतात, आणि ब्रेकचा विचार बहुधा करतच नाहीत. त्यामुळे मला या चौथी शिकलेल्या माणसाचा अधिकार मोठा वाटतो.

त्या काळी गाड्यांच्या शर्यती पाहायला लोक मद्रासजवळ शोलावरमला जात. दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी होती ती. तिथे फियाट गाड्या फेरफार करून पळत. मित्र एकदा जाऊन आला. 'आपली गाडी तिथे शेवटून दुसरी येईल,' असे म्हणाला, पण तेही आनंदाने. शर्यतीत भाग घ्यावा असे त्याच्या मनात कधी आले नाही. त्याला आपली गाडी दुसऱ्याच्या पुढे न्यायची नव्हती, घाटात न तापता न्यायची होती.

१९८५ साली प्रीमियरने ११८ एनई ही नवी गाडी काढली. तिला जपानच्या निसानचे ११७१ सीसीचे इंजिन होते, ५२ अश्वशक्तीचे. अनेक हौशी फियाटवाल्यांनी पुढे हे इंजिन जुन्या गाडीत बसवून घेतले. १९९० साली मित्रानेही अपघातातल्या एका गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स मिळवला. इंजिनाची माउंटिंग नवी करावी लागली, मागे जाणारा शाफ्ट कापून परत जोडावा लागला, आणि हँड गिअरची दांडी जाऊन खाली जमिनीवर गिअर आला. (हँड गिअरचे बुश झिजले की दोन गिअर एकदम अडकत आणि भर चौकात बॉनेट उघडून हाताने सोडवावे लागत. ती कटकट गेली.) त्याने रीतसर अर्ज करून परिवहन कार्यालयाची मंजुरी घेतली. आर. सी. बुकात निळ्या शाईने नवा इंजिन नंबर चढवलेला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तेव्हा तशी सोय होती.

पुढे कायदा कडक होत गेला. २००० च्या दुरुस्तीने उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारा बदल करायला बंदी आली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच गोष्ट ठासून सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला ब्रेक आधी सुचतीलच असे नाही, आणि कायदा सगळ्यांसाठी एकच असतो.

खरी अडचण पुढे आहे. मित्र आता नाही, मिस्त्री तर त्याच्याही आधी गेले. गाडी मित्राच्या मुलाकडे आहे. हा माझा विद्यार्थी. दहावीला त्याला इतिहासात बरे गुण होते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली गाडी त्यात बसते. वीस हजार रुपये भरायचे, दहा वर्षांची नोंदणी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. आमच्या फियाटला नेमकी त्याच वर्षी पन्नास पूर्ण झाली. मुलाला आनंद झाला. पण नियमात पुढे लिहिले आहे की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

जुने १०८९ चे इंजिन अजून आहे. गोदामात गोणपाटात गुंडाळून ठेवलेले. मुलगा म्हणतो, ते परत बसवू, हँड गिअर शोधू, गाडी होती तशी करू. गाडीला मान मिळेल, प्रदर्शनात उभी राहील. मी त्याला विचारले, होती तशी म्हणजे कधी होती तशी? १९७१ साली ती कारखान्यातून आली तशी, तर त्या रूपात तिला या गावात कुणी पाहिलेलीच नाही. आम्ही सगळ्यांनी पाहिली ती मिस्त्रींच्या हातची गाडी. एखाद्या वाड्याला पेशवाईनंतर जोडलेला सोपा पाडून मूळ वाडा शोधणाऱ्या लोकांशी माझे नेहमीच वाद झाले आहेत. हा वादही तसाच आहे.

शिवाय त्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे रविवारचा घाट बंद. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी हळहळून लिहिले. आमची फियाट आहे तशीच राहिली तर निळ्या शाईतल्या त्या शेऱ्यावर, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून आणि पर्यावरण कर भरून, चालत राहील. पण तिला कुणी वारसा म्हणणार नाही.

गाडी त्याची आहे, निर्णयही त्याचाच. गेल्या महिन्यात त्याने जुन्या इंजिनाचे सिलिंडर मोजून घेतले. शेवटच्या मापापर्यंत बोअर झालेले आहे, आता लायनर घालावे लागतील आणि ते काम करणारा लेथवाला धुळ्याला शोधावा लागेल. मी त्याला एवढेच सांगितले आहे की माउंटिंग कापायचे ठरलेच तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढ, मापे लिही, आणि कापलेले तुकडे भंगारात न देता माझ्याकडे आणून दे. रोजमेळांशेजारी कपाटात जागा करून ठेवली आहे.